पडद्याची मांडणी टिकत नाही, तेव्हा काय करावे?

वाचकहो, गावोगावच्या वाचनालयांत, ग्रामपंचायतींत आणि दूध संस्थांत आता संगणक आले आहेत. आपल्यापैकी पुष्कळजण त्यावर अर्ज पाहतात, हिशेब लिहितात, वर्तमानपत्र वाचतात. अशा ठिकाणी एक तक्रार आम्ही वारंवार ऐकतो. ती अशी : “काल अक्षर मोठे करून ठेवले होते. आज येऊन पाहतो, तर पुन्हा बारीक!” कोणी म्हणतो, “चित्रे डाव्या बाजूला लावली होती, ती पुन्हा विस्कटली.” कोणी म्हणते, “मी लावलेले गणपतीचे चित्र गेले आणि कंपनीचेच चित्र परत आले.”

ही तक्रार लहान वाटते, पण ती लहान नाही. ज्याची नजर अधू आहे, त्याला बारीक अक्षर म्हणजे बंद दारच. नव्याने वाचायला शिकलेला माणूस असे दोनदा झाले की मनात म्हणतो, “हे आपले काम नव्हे.” तो पुन्हा त्या खुर्चीवर बसत नाही. म्हणून आज आपण या दोषाची कारणे समजून घेऊ. बहुतेक कारणे साधी आहेत. ती शोधायला इंग्रजी शाळा शिकलेली असावी लागत नाही. डोळे उघडे ठेवावे लागतात आणि एका वेळी एकच गोष्ट तपासावी लागते.

मांडणी म्हणजे काय?

संगणक सुरू केला की पडद्यावर जे पहिले दृश्य दिसते, त्याला डेस्कटॉप म्हणतात. डेस्कटॉप म्हणजे टेबलाचा वरचा भाग. टेबलावर आपण दौत, चष्मा, वही ठेवतो, तशी येथे लहान लहान चित्रे ठेवलेली असतात. त्यांना आयकॉन म्हणतात.

पडदा बारीक ठिपक्यांचा बनलेला असतो. रांगोळीचे ठिपके डोळ्यांपुढे आणा. आडवे 1920 आणि उभे 1080 ठिपके असले, तर सारे मिळून 20,73,600 ठिपके होतात. पुष्कळ लहान लॅपटॉपांवर आडवे 1366 आणि उभे 768 ठिपके असतात. या मापाला रेझोल्यूशन म्हणतात. पडद्याचे जे मूळ माप असेल, तेच ठेवले म्हणजे अक्षर स्वच्छ दिसते. दुसरे माप ठेवले, तर अक्षर पसरट किंवा अंधुक दिसते.

अक्षर मोठे करण्यासाठी हे माप बदलू नये. त्यासाठी स्केल नावाची वेगळी सोय आहे. पडद्यावरील मोकळ्या जागी माऊसची उजवी कळ दाबा. यादी उघडेल. त्यात ‘डिस्प्ले सेटिंग्ज’ निवडा. तेथे स्केलपुढे 100 टक्के, 125 टक्के, 150 टक्के असे आकडे दिसतील. 125 केले की सव्वापट, 150 केले की दीडपट. आम्ही येथे विंडोज 10 आणि विंडोज 11 या प्रणालींची रीत सांगत आहोत, कारण आपल्याकडे त्याच जास्त आढळतात.

पाटी आणि वही

संगणकाला दोन प्रकारच्या आठवणी असतात. एक पाटीसारखी आणि दुसरी वहीसारखी.

पाटीवर लिहिणे झटपट होते, पण हात फिरला की पुसले जाते. संगणकाच्या या पाटीला रॅम म्हणतात. वीज गेली की रॅममधील सारे पुसले जाते. वहीत लिहिलेले टिकते. संगणकाच्या वहीला डिस्क म्हणतात. वीज गेली तरी डिस्कवरचे राहते.

आपण मांडणी बदलतो, तेव्हा ती आधी पाटीवर येते. पुढे यंत्र ती वहीत उतरवून घेते. सकाळी यंत्र सुरू झाले की वही उघडून पाहते आणि त्याप्रमाणे पडदा मांडते. मांडणी टिकली नाही, याचा अर्थ यांपैकी काहीतरी एक घडले. एक तर ती वहीत उतरलीच नाही. किंवा ती दुसऱ्याच वहीत उतरली. किंवा कोणीतरी ते पान पुसले. किंवा वहीत ती आहे, पण यंत्राला तशी मांडता येत नाही. आता एकेक कारण पाहू.

पहिले कारण : पंधरा सेकंद

रेझोल्यूशन बदलले की यंत्र लगेच एक प्रश्न विचारते. पडद्यावर चौकट येते. त्यात ‘किप चेंजेस’ आणि ‘रिव्हर्ट’ अशी दोन बटणे असतात. पहिल्याचा अर्थ ‘हा बदल ठेवा’. दुसऱ्याचा अर्थ ‘पूर्वीसारखे करा’. चौकटीत 15 पासून उलटे आकडे मोजले जातात. आपण 15 सेकंदांत काही दाबले नाही, तर यंत्र आपणहून पूर्वीची मांडणी आणते.

हे मुद्दामच असे केले आहे. समजा, चुकीचे माप निवडले आणि पडदा काळा झाला. मग बटण तरी कसे दिसणार? म्हणून यंत्र थोडे थांबते आणि मागे फिरते. ज्याला इंग्रजी अक्षरे वाचायला वेळ लागतो, त्याचे 15 सेकंद वाचण्यातच जातात. उपाय सोपा आहे. ‘किप चेंजेस’ हे शब्द इंग्रजीत कसे दिसतात, ते आधी कागदावर उतरवून घ्या. चौकट आली की तोच आकार शोधा आणि दाबा.

दुसरे कारण : बटण ओढून बंद करणे

भिंतीवरचे बटण बंद करून कित्येकजण संगणक बंद करतात. पंखा असा बंद केलेला चालतो. संगणक चालत नाही. काही गोष्टी यंत्र बंद होतानाच वहीत उतरवते. आयकॉनांच्या जागा हे त्याचे उदाहरण. एकाएकी वीज तोडली, तर लिहिता लिहिता हातातून लेखणी ओढून घेतल्यासारखे होते.

यंत्र नेहमी ‘शट डाउन’ निवडून बंद करावे. पडदा काळा झाला आणि दिवा विझला, मगच भिंतीवरचे बटण बंद करावे. ज्या गावी वीज वारंवार जाते, तेथे यूपीएसची पेटी फार उपयोगी पडते. तिच्या बॅटरीवर यंत्र नीट बंद करण्याइतका वेळ मिळतो.

तिसरे कारण : वही कोणाच्या नावाची?

एकाच संगणकावर अनेकांची खाती असू शकतात. बँकेत जसे प्रत्येकाचे खाते वेगळे, तसेच येथे. मांडणी त्या त्या खात्याच्या वहीत लिहिली जाते. सोमवारी सचिवांच्या खात्यात अक्षर मोठे केले आणि मंगळवारी शिपाईभाऊंच्या खात्यात यंत्र उघडले, तर अक्षर लहान दिसणारच. यात बिघाड काही नाही. यंत्र उघडताना पडद्यावर कोणते नाव आहे, ते आधी वाचा.

याच ठिकाणी एक धोका आहे. तो नीट समजून घ्या. कधी कधी खात्याची वही यंत्राला उघडता येत नाही. मग ते तात्पुरती कोरी वही काढते. हिला टेंपररी प्रोफाइल म्हणतात. पडद्याच्या कोपऱ्यात तशी इंग्रजी सूचना येते. या तात्पुरत्या खात्यात ठेवलेले कागद बाहेर पडताना नष्ट होतात. मांडणी जाते ती जातेच, कामही जाते.

आमच्या माहितीतील एका बचत गटाची गोष्ट सांगतो. गटाचा हिशेब एक मावशी लिहीत. वयाच्या पन्नाशीनंतर त्या साक्षर झाल्या. पुढे वाचनालयाच्या संगणकावर हिशेब ठेवायला शिकल्या. एकदा असे झाले की रोज त्या अक्षर मोठे करीत आणि दुसऱ्या दिवशी ते लहान होई. तिसऱ्या दिवशी तर आदल्या दिवशीचा हिशेबच दिसेना. गटातील एकदोघी कुजबुजू लागल्या, “कागदाची वहीच बरी होती. मावशींना हे काही जमायचं नाही.” पैशांचा हिशेब तो. मावशींच्या जिवाला घोर लागला. त्या दिवशी त्यांनी सारा हिशेब पुन्हा लिहिला आणि यंत्र बंद करायला निघाल्या. तेवढ्यात वाचनालयाच्या लेखनिकाचे लक्ष कोपऱ्यातील सूचनेकडे गेले.

“मावशी, थांबा. बंद करू नका.”

“का रे बाबा? मोडलं का काही माझ्या हातून?”

“तुमच्या हातून काही मोडलं नाही. यंत्रानं तुम्हांला दुसरीच वही दिलीय. बंद केलं की ती फाडून टाकतं ते.”

लेखनिकाने आधी तो हिशेब पेनड्राइव्हवर उतरवून घेतला. मग यंत्र ‘रीस्टार्ट’ केले. दुसऱ्यांदा रीस्टार्ट केल्यावर मावशींचे मूळ खाते उघडले. मोठे अक्षर होते तसे दिसले आणि जुना हिशेबही दिसला. मधला एक दिवस मात्र गेला तो गेलाच. सुदैवाने मावशींनी कागदाची वही सोडली नव्हती. तिच्यावरून तो दिवस पुन्हा लिहून काढला. पुढच्या बैठकीत लेखनिकाने ती सूचना मोठ्याने वाचून तिचा अर्थ सर्वांना सांगितला. कुजबुज थांबली.

यातून शिकावयाचे ते हे : अशी सूचना दिसली की आधी काम पेनड्राइव्हवर उतरवा, मग यंत्र पुन्हा सुरू करा. दोन-तीनदा करूनही मूळ खाते उघडले नाही, तर जाणत्या माणसाला बोलवा. मूळ कागद बहुधा डिस्कवर सुरक्षित असतात. घाईने काही पुसू नका.

चौथे कारण : धनी दुसरा आहे

शाळेतला किंवा वाचनालयाचा संगणक पुष्कळजण हाताळतात. म्हणून व्यवस्थापक कधी कधी त्यात राखणदार बसवतात. हा राखणदार म्हणजे एक सॉफ्टवेअर. यंत्र पुन्हा सुरू झाले की ते सर्व काही ठरलेल्या स्थितीत आणते. फळ्यावर दिवसभर कोणी काहीही लिहो, शिपाई संध्याकाळी फळा पुसतो, तसे हे आहे.

काही कचेऱ्यांत मांडणी वरूनच ठरलेली असते. तेथे ‘काही सेटिंग्ज आपल्या संस्थेच्या ताब्यात आहेत’ अशा अर्थाची इंग्रजी ओळ दिसते. अशा वेळी यंत्राशी झगडू नये. व्यवस्थापकांना सांगावे, “साहेब, आमची नजर अधू आहे. अक्षर कायमचे मोठे करून द्या.” हे मागणे रास्त आहे.

पडद्याच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात ‘ॲक्टिव्हेट विंडोज’ असे फिकट अक्षर दिसत असेल, तर त्या यंत्रावरील विंडोजचा परवाना नोंदलेला नाही. तोपर्यंत मागचे चित्र आणि रंग बदलण्याची पाने बंद राहतात.

पाचवे कारण : दुभाषा हरवला

पडद्यावर चित्र उमटवणारा एक भाग संगणकात असतो. विंडोजची आणि त्या भागाची भाषा वेगळी. दोघांमध्ये एक दुभाषा लागतो. त्याला ड्रायव्हर म्हणतात. येथे ड्रायव्हर म्हणजे गाडी चालवणारा नव्हे, बरे का!

योग्य दुभाषा नसला, तर विंडोज आपला कामचलाऊ दुभाषा वापरते. त्याचे नाव ‘मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले ॲडॅप्टर’. त्याला थोडीच कामे येतात. मग रेझोल्यूशनच्या यादीत योग्य माप दिसत नाही. ‘डिव्हाइस मॅनेजर’ उघडून ‘डिस्प्ले ॲडॅप्टर्स’ या ओळीखाली पाहा. तेथे वरील नाव दिसले, तर हेच कारण समजावे. संगणक ज्या कंपनीचा, तिच्याच संकेतस्थळावरून ड्रायव्हर घ्यावा. भलत्याच ठिकाणाहून घेऊ नये. विंडोजचे अपडेट आल्यानंतर दोष सुरू झाला असेल, तर त्याच ठिकाणी जुना ड्रायव्हर परत आणण्याचीही सोय असते.

सहावे कारण : तार आणि दुसरा पडदा

तारेतून केवळ चित्र जात नाही. पडदा आपले नाव आणि माप त्याच तारेतून संगणकाला कळवतो. जुन्या निळ्या टोकाच्या तारेला व्हीजीए म्हणतात. तिच्या टोकाला पिनांच्या 15 जागा असतात. एखादी पिन वाकली किंवा टोक सैल झाले, तर चित्र दिसते, पण निरोप पोहोचत नाही. मग यंत्र अंदाजाने लहान माप धरते. यंत्र बंद करून तार काढा, पिना पाहा, तार पुन्हा नीट बसवा आणि दोन्ही बाजूंचे स्क्रू हाताने आवळा. दुसरी तार मिळाली, तर ती लावून पाहा.

ग्रामसभेसाठी प्रोजेक्टर किंवा टीव्ही जोडला, तरी मांडणी बदलते. कोणते पडदे जोडलेले आहेत, त्यानुसार यंत्र वेगळी मांडणी लक्षात ठेवते. प्रोजेक्टर काढला की बहुधा जुनी मांडणी परत येते.

आणखी तीन गोष्टी

आयकॉन आपोआप रांगेत जात असतील, तर मोकळ्या जागी उजवी कळ दाबा. ‘व्ह्यू’मध्ये जाऊन ‘ऑटो अरेंज आयकॉन्स’पुढील खूण काढा.

वही भरली असेल, तर नवे कोठे लिहिणार? ‘धिस पीसी’ उघडा. डिस्कपुढील पट्टी लाल झाली असेल, तर जागा संपत आली आहे. नको असलेल्या चित्रफिती दुसरीकडे हलवा.

घड्याळ पाहा. रोज सकाळी तारीख मागे जात असेल, तर आतील लहान बॅटरी संपली आहे. बहुतेक टेबलावरच्या संगणकांत ती सीआर2032 जातीची, 3 व्होल्टची असते. नावातच तिचे माप आहे : रुंदी 20 मिलिमीटर, जाडी 3.2 मिलिमीटर. मात्र डेस्कटॉपचे चित्र या बॅटरीवर टिकत नाही. ते डिस्कवर असते. तारीख बरोबर असेल, तर बॅटरी बदलून हा दोष जाणार नाही.

दोष कसा शोधावा?

वैद्य नाडी पाहिल्याशिवाय पुडी देत नाही. आपणही तसेच करू. एक लहान बदल करा. समजा, स्केल 125 केले. मग पुढील क्रमाने पाहा आणि प्रत्येक वेळी कागदावर लिहा.

1. लगेच मागे गेले का? गेले, तर 15 सेकंदांची चौकट आठवा. ती रेझोल्यूशनच्या वेळी येते.

2. ‘साइन आउट’ करून त्याच नावाने परत आल्यावर गेले का? गेले, तर तात्पुरते खाते किंवा वरून ठरलेली मांडणी तपासा.

3. तेथे टिकले, पण ‘रीस्टार्ट’ केल्यावर गेले का? गेले, तर आधी राखणदार आहे का, ते व्यवस्थापकांना विचारा. नसेल, तर ड्रायव्हर पाहा.

4. येथपर्यंत सारे टिकले आणि दुसऱ्या दिवशीच गेले का? मग मध्ये कोणी यंत्र वापरले, तार हलवली की वीज गेली, ते विचारा.

तपासताना ‘रीस्टार्ट’च वापरा. विंडोज 10 आणि 11 मध्ये ‘शट डाउन’ केल्यावर पुष्कळदा यंत्र पुरते झोपत नाही. लवकर उठता यावे म्हणून काही भाग डिस्कवर तसाच राखून ठेवते. ‘रीस्टार्ट’ केल्याने मात्र सर्व नव्याने सुरू होते.

सावध राहा

“तुमच्या संगणकात बिघाड आहे, आम्ही दुरुस्त करतो,” असा फोन आपणहून आला, तर विश्वास ठेवू नका. खरी कंपनी असा फोन करत नाही. कोणालाही ओटीपी सांगू नका. फोनवर सांगितलेले ॲप उतरवून घेऊ नका. पैसे गेलेच, तर विलंब न करता 1930 या सरकारी क्रमांकावर कळवा.

विंडोज 10 ला कंपनीकडून मिळणारी नेहमीची विनामूल्य सुरक्षा-अपडेट 14 ऑक्टोबर 2025 रोजी थांबली. त्या यंत्रावर मांडणी टिकत नाही, ती या कारणाने नव्हे. परंतु त्यावर पैशांचे व्यवहार करण्याआधी पुढची सोय जाणत्यांना विचारावी.

एवढे ध्यानात ठेवा

मांडणी टिकली नाही म्हणून नवा संगणक घेऊ नका. आधी खात्याचे नाव वाचा. चौकटीतील शब्द वाचा. तार पाहा. एका वेळी एकच बदल करा आणि तो लिहून ठेवा. महत्त्वाचा हिशेब दोन ठिकाणी असू द्या. पडद्यावर आलेली सूचना न वाचता कधीही बंद करू नका. वाचता येत नसेल, तर ती अक्षरे जशीच्या तशी कागदावर उतरवा आणि वर्गात घेऊन या. आपण सारे मिळून ती वाचू.

प्रश्न

1. रॅमला पाटी आणि डिस्कला वही का म्हटले आहे?
2. ‘किप चेंजेस’ दाबण्यास किती वेळ मिळतो? यंत्र आपणहून मागे का फिरते?
3. मावशींचा हिशेब कोठे नाहीसा होत होता? लेखनिकाने आधी काय केले?
4. तुमच्या गावच्या संगणकावर किती खाती आहेत? विचारून लिहून आणा.

कठीण शब्द

रेझोल्यूशन – पडद्यावरील ठिपक्यांचे माप.
स्केल – अक्षरे व चित्रे किती पट मोठी दाखवायची, ते प्रमाण.
ड्रायव्हर – विंडोज आणि यंत्राचा भाग यांमधील दुभाषा.
साइन आउट – आपले खाते बंद करून बाहेर पडणे.
रीस्टार्ट – यंत्र बंद करून लगेच नव्याने सुरू करणे.